कोंबडीचे पाणी आणि हवेचा दाब

कोंबडी पाणी पिताना तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? ती चोच पाण्यात बुडवते, चोचीच्या खालच्या पाळीत थोडेसे पाणी घेते आणि लगेच मान उंचावून वर पाहते. पुन्हा खाली, पुन्हा वर. एखाद्याला वाटावे, प्रत्येक घोटाला ती आभाळाचे आभार मानते आहे! खरे कारण साधे आहे. गाय किंवा बैल ओठ मिटून पाणी आत ओढून घेतात. पक्ष्यांमध्ये कबुतरालाही ही युक्ती साधते. कोंबडीला मात्र तोंडात तशी पोकळी निर्माण करता येत नाही. चोचीत आलेले पाणी घशाखाली उतरवण्यासाठी तिला गुरुत्वाकर्षणाची मदत घ्यावी लागते, आणि त्यासाठी मान वर करावी लागते.

एवढ्या एका निरीक्षणावरूनही भांड्याविषयी दोन गोष्टी ठरतात. पहिली, पाणी खोल असण्याची गरज नाही. चोच बुडेल इतके, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरते. दुसरी, प्रत्येक घोटाला चोचीला चिकटलेले दाण्याचे कण आणि माती पाण्यात पडते. म्हणजे कोंबडी पिता पिताच आपले पाणी घाण करीत असते.

आमच्या परंडा भागात परसात पाच-दहा कोंबड्या असलेली घरे पुष्कळ आहेत. कोंबड्यांना रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडायचे, सकाळी मूठभर ज्वारी फेकायची आणि मोकळे सोडायचे, ही रीत. पाण्याचे काय, असे मी एका आजीबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अवं सर, कोंबडीला कशाला येगळं भांडं? ती पिती की मोरीतलं." पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हे कसेबसे निभते. पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंश सेल्सियसच्या पुढे जातो, मोरीतले पाणी दुपारपर्यंत वाळते, आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणाऱ्या कोंबड्या दिसू लागतात. त्यांतली एखादी संध्याकाळपर्यंत मरते. घरची माणसे म्हणतात, रोग आला. कधी तो रोग असतो. पण पुष्कळदा नुसते पाणी कमी पडलेले असते.

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते. आपल्याला घाम येतो. कोंबडीला घर्मग्रंथी नाहीत. बाहेरची हवा ४१ अंशांच्या जवळ आली की अंगातली उष्णता हवेला देऊन टाकण्याचा मार्ग बंद होतो, कारण उष्णता उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते. मग उरतो एकच उपाय, बाष्पीभवन. धापा टाकताना घशातील व श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते.

ही उष्णता किती, याचा हिशेब करू. शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५७५ कॅलरी लागतात. दीड किलोग्रॅम वजनाची कोंबडी घ्या. प्राण्याच्या शरीराची विशिष्ट उष्णता साधारणपणे ०.८३ धरतात. म्हणजे तिचे तापमान एक अंशाने वाढण्यास १५०० × ०.८३, म्हणजे जवळजवळ १२५० कॅलरी लागतील. याला ५७५ ने भागले तर उत्तर येते २.२ ग्रॅम. चहाच्या अर्ध्या चमच्याइतके पाणी वाफ होऊन गेले की कोंबडीचा ज्वर एक अंशाने टळतो! पण ते अर्धा चमचा पाणी अंगात असले पाहिजे, आणि दर काही मिनिटांनी पुन्हा मिळाले पाहिजे.

मोठी कोंबडी सौम्य हवेत दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. कडक उन्हाळ्यात हे प्रमाण दुप्पट होऊ शकते. अंडी देणाऱ्या कोंबडीची गरज अधिक, कारण कवच सोडले तर अंड्याच्या आतल्या भागात पाऊण हिस्सा पाणीच असते. दहा कोंबड्यांसाठी मे महिन्यात पाच लिटर पाणी ठेवावे, असा हिशेब करायला हरकत नाही. शिवाय पाणी फार तापलेले असेल तर कोंबड्या ते कमी पितात, म्हणजे ज्या वेळी जास्त प्यायला हवे नेमके त्याच वेळी. तेव्हा भांडे असे हवे की ज्यात पाणी पुरेसे राहील, थंड राहील आणि स्वच्छ राहील. या तीन गोष्टी एकाच भांड्यात मिळवणे वाटते तितके सोपे नाही.

सर्वांत जुने भांडे म्हणजे मातीचे परळ, किंवा फुटक्या माठाचे बूड. ते फुकट मिळते आणि त्यातले पाणी थंड राहते. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर झिरपते, तेथे त्याची वाफ होते, आणि वाफेला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेलेच आहे. पण पाणी किती अंशांपर्यंत थंड होईल, हे कशावर ठरते? ते हवेतील आर्द्रतेवर ठरते. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वारा घातला तर पारा ज्या अंशावर येऊन थांबतो, त्याच्याखाली मातीचे भांडे जाऊ शकत नाही. हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, आणि परंड्याच्या मे महिन्यातल्या दुपारी असे दिवस असतात, तर हा आकडा २२-२३ अंश येतो. माठ तेथपर्यंत पोचत नाही, पण पाच-सहा अंश अलीकडे थांबला तरी पाणी चांगले गार झाले. पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना हाच आकडा २५ च्या आसपास असतो. तेव्हा मातीचे भांडे नावापुरतेच थंड करते.

जुना माठ पाणी गार करीत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. आमच्याकडच्या बोअरचे पाणी काळ्या बेसाल्ट खडकातून येते आणि जड असते. पाण्याची वाफ होते, पण त्यातील क्षार भांड्याच्या अंगावर राहतात आणि छिद्रे बुजवतात. माठाच्या बाहेर दिसणारी पांढरी पूड ती हीच. काथ्याने घासून आणि चिंचेच्या पाण्याने धुऊन काही छिद्रे मोकळी होतात. सगळी होत नाहीत. कोंबड्यांचे परळ वर्षाआड बदलणे उत्तम.

परळाचा मोठा दोष वेगळाच आहे. ते उघडे असते. कोंबडी त्यात पाय घालते, उकिरड्यावरची माती आणते, काठावर बसते आणि विष्ठाही टाकते. आणि पाणी उडून जाते ते निराळेच. समजा, ४० सेंटिमीटर व्यासाची थाळी आहे आणि कडक उन्हाळ्याच्या दिवशी तिच्यातील पातळी बाष्पीभवनाने एक सेंटिमीटर उतरते. थाळीचे क्षेत्रफळ सुमारे १२५६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे सव्वा लिटर पाणी कोणाच्याही चोचीत न जाता हवेत गेले. पाच कोंबड्यांचे एका दिवसाचे पाणी! १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्या जिल्ह्यात अजून सांगितल्या जातात, जिथे पावसाने दगा दिला की वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा हिशेब क्षुल्लक नाही.

यावर तोडगा म्हणजे उलटे भांडे. कुक्कुटपालनाचे सामान विकणारे याला 'ड्रिंकर' म्हणतात. वर घंटेसारखे किंवा डब्यासारखे बंद भांडे आणि खाली पसरट ताटली. डब्यात पाणी भरून, ताटली लावून तो उलटा करतात. पाणी ताटलीत येते आणि थोड्याच वेळात आपोआप थांबते. कोंबडीने चार घोट प्यायले की 'गुडुक' असा आवाज येतो, एक बुडबुडा वर जातो आणि ताटली पुन्हा तेवढीच भरते. तोटी नाही, झडप नाही. मग पाणी थांबते कसे?

डब्याच्या काठाजवळ एक छिद्र असते. ताटलीतले पाणी छिद्राच्या वरच्या कडेपर्यंत चढले की छिद्र पाण्याखाली जाते आणि आत हवा शिरायला वाट राहत नाही. आता डब्यातून थोडे जरी पाणी बाहेर आले, तरी आतली हवा विरळ होते आणि तिचा दाब कमी होतो. बाहेरची हवा ताटलीतील पाण्यावर पूर्ण दाब देत असते. आतल्या हवेचा दाब आणि पाण्याच्या स्तंभाचा दाब यांची बेरीज बाहेरच्या दाबाइतकी झाली की पाणी स्थिर होते. टॉरिचेलीने सतराव्या शतकाच्या मध्यास काचेच्या नळीत पारा भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली, त्या प्रयोगातले तत्त्व ते हेच. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. परंडा समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच आहे, येथेही ९.७ मीटर तरी सहज. वीतभर उंचीच्या डब्याची काय कथा!

कोंबडी पिते, पातळी उतरते, छिद्राची वरची कड उघडी पडते, हवेचा बुडबुडा आत जातो, तेवढे पाणी खाली येते आणि छिद्र पुन्हा बुडते. म्हणून ताटलीतली पातळी नेहमी छिद्राच्या उंचीवर राहते. घरी असा ड्रिंकर करायचा तर एकच नियम पाळायचा. छिद्राची वरची कड ताटलीच्या काठापेक्षा खाली हवी. ताटलीचा काठ चार सेंटिमीटर असेल तर छिद्र अडीच सेंटिमीटरवर ठेवा. छिद्र काठाच्या वर गेले तर सगळा डबा अंगणात रिकामा होईल. तसेच डब्याला वरच्या बाजूला केसाएवढी जरी चीर गेली, तरी तिच्यातून हवा शिरते आणि पाणी थांबत नाही. ड्रिंकर सारखा वाहू लागला तर प्रथम चीर शोधावी.

या भांड्यात उघडे पाणी फक्त डबा आणि ताटलीचा काठ यांच्यामधल्या कड्यापुरते असते. ताटलीचा व्यास २२ आणि डब्याचा १८ सेंटिमीटर धरला, तर कड्याचे क्षेत्रफळ सुमारे १२६ चौरस सेंटिमीटर येते. मघाच्या थाळीच्या एकदशांश! बाष्पीभवन तेवढेच कमी, आणि पाय घालायला जागाही नाही. पिलांच्या बाबतीत तर ही जिवाची गोष्ट आहे. उघड्या थाळीत पिलू पडले की भिजते, गारठते आणि बुडूनही मरते. थाळीच वापरायची असेल तर तिच्यात गोटे टाकावेत, म्हणजे चोच जाईल पण पिलू जाणार नाही.

येथपर्यंत सारे ठीक. पण हा ड्रिंकर उन्हात ठेवला तर तो एक चमत्कारिक खोडी करतो. सकाळी व्यवस्थित असलेला, अर्धा रिकामा ड्रिंकर दुपारी आपोआप ओसंडून वाहू लागतो. कोंबड्यांनी सांडले म्हणावे, तर कोंबड्या लांब सावलीत बसलेल्या असतात. मग पाणी सांडले कोणी?

सांडले ते डब्यातल्या हवेने. समजा, सकाळी २५ अंश तापमान असताना डब्यात दोन लिटर हवा आहे. दुपारी डबा तापून ती ४५ अंशांवर गेली. केल्विन मापात हे २९८ वरून ३१८ होते. दाब तोच राहिला तर आकारमान त्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे पावणेसात टक्क्यांनी वाढेल. पण येथे आणखी एक गोष्ट घडते, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आतली हवा पाण्याच्या सान्निध्यात असल्यामुळे बाष्पाने संपृक्त असते. संपृक्त बाष्पाचा दाब २५ अंशांना पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटर असतो, तर ४५ अंशांना तो ७२ च्या जवळ जातो. हा वाढीव बाष्पदाबही हवेला फुगवतो. परंड्याच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ७१६ मिलिमीटर धरून दोन्ही परिणाम एकत्र केले, तर वाढ होते जवळजवळ १५ टक्के. दोन लिटरच्या हवेला सुमारे ३०० मिलिलिटर जादा जागा हवी, आणि ती मिळते तेवढे पाणी बाहेर ढकलून! आपल्या ताटलीच्या कड्यात छिद्रापासून काठापर्यंत दीड सेंटिमीटर जागा शिल्लक आहे. तिच्यात १९० मिलिलिटर पाणी मावते. उरलेले शंभराहून अधिक मिलिलिटर जमिनीवर. डब्यात हवा जितकी जास्त, तितके सांडणे जास्त. म्हणून मोठा डबा आणून तो अर्धा रिकामा होईपर्यंत उन्हात ठेवणे, ही सर्वांत वाईट रीत.

रात्री याच्या उलट होते. डबा निवतो, आतली हवा आकसते, आणि बाहेरचा दाब ताटलीतले पाणी डब्यात वर ढकलतो. ताटलीतले म्हणजे कोणते? दिवसभर चोची बुडालेले, माती-दाणे मिसळलेले. बंद डबा म्हणून आतले पाणी स्वच्छ, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो रोज रात्री थोडे घाण पाणी पिऊन ठेवतो. तेव्हा ताटली धुतली आणि डब्यात वरून पाणी भरले, एवढे पुरे नाही. डबाही आतून घासलाच पाहिजे.

यावर खर्चाचा उपाय नाही. सावली हाच उपाय. ड्रिंकर लिंबाखाली किंवा छपराखाली ठेवावा. वर ओले गोणपाट टाकले तर प्लास्टिकच्या डब्यालाही माठाचा गुण येतो. पाच लिटर पाणी दहा अंशांनी थंड करण्यासाठी ५०,००० कॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे फक्त ८७ ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. बाहेरून उष्णता सारखी आत येत असल्याने प्रत्यक्षात जास्त पाणी लागेल. पण उघड्या थाळीतून उडणाऱ्या सव्वा लिटरपुढे हा सौदा स्वस्त आहे.

मग मातीचेच गाडगे उलटे का करू नये? दोन्ही गुण एकत्र! कल्पना चांगली आहे, पण एक अडचण आहे. ओल्या मातीच्या छिद्रांत पाणी पृष्ठताणामुळे घट्ट अडकून राहते आणि हवेला वाट देत नाही. पातळी खाली गेल्यावर मात्र गाडग्याचा वरचा भाग वाळतो, छिद्रे मोकळी होतात, हवा हळूहळू शिरते आणि ताटली वाहू लागते. आतून झिलई दिलेले गाडगे ही तक्रार करणार नाही. पण मग ते गारही करणार नाही.

माझे मत विचाराल तर एक मोठा ड्रिंकर घेण्यापेक्षा दोन-तीन लिटरचे दोन घ्यावेत आणि ते लांब लांब ठेवावेत. कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते. एकच भांडे असले की दांडगी कोंबडी दुबळीला टोचून हाकलते, आणि उन्हात मरते ती बहुधा हीच दुबळी. भांडे विटांवर ठेवून त्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आणावा. मान उंच करूनच तिला गिळायचे असते, त्यामुळे अडचण होत नाही आणि उकरलेली माती आत पडत नाही. मोठ्या पोल्ट्रीत नळीला निपल लावतात. चोच लागली की थेंब येतो. पाणी मुळीच उघडे नसते. पण आमच्या जड पाण्याचे क्षार त्याच्या बारीक झडपेत बसतात. एखादे निपल बंद पडलेले बाहेरून दिसत नाही, आणि उन्हाळ्यात ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. परसात ही भानगड नको.

भांडे कशाचे, याविषयी एक सूचना मात्र अगदी कडक. कीटकनाशकाचा रिकामा डबा, कितीही धुतला तरी, कोंबडीच्या काय, कोणाच्याच पाण्यासाठी वापरू नये. प्लास्टिक ही औषधे शोषून घेते आणि नंतर हळूहळू सोडत राहते. ज्या घरात कोंबडीची अंडी मुले खातात तेथे तर मुळीच नको. जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे भांडे साध्या पाण्याला चालते. पण उन्हाळ्यात थंड म्हणून त्यात ताक घातले तर ताकातले आम्ल जस्त विरघळवते आणि ते जस्त कोंबडीच्या पोटात जाते. पारदर्शक बाटली टाळावी. शेवाळाला प्रकाश लागतो आणि काचेसारख्या प्लास्टिकमधून तो भरपूर मिळतो. गडद किंवा रंगवलेल्या डब्यात शेवाळ धरत नाही.

आता स्वच्छता. भांड्याच्या आतून बोट फिरवले तर लागणारा बुळबुळीतपणा म्हणजे जिवाणूंनी स्वतःभोवती केलेला चिकट थर. नुसते खळबळून तो निघत नाही. काथ्याने किंवा ब्रशने रोज घासावा लागतो. ब्लीचिंग पावडर, जिला गावात टीसीएल म्हणतात, तिचे पातळ द्रावण आठवड्यातून एकदा लावून भांडे भरपूर पाण्याने धुतले तर पुष्कळ जंतू मरतात. पण सगळे नाही! रक्ती हगवण हा पिलांचा रोग ज्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो, त्याची कवचबंद अंडी क्लोरीनला दाद देत नाहीत. ती पिकतात ओल्या, उबदार जमिनीत, म्हणजे सांडणाऱ्या भांड्याभोवतीच्या चिखलात. म्हणून भांडे खडीवर किंवा वाळूवर ठेवावे आणि जागा बदलत राहावी. भांडे धुतल्यावर तासभर उन्हात कोरडे करावे. आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडे पडणाऱ्या, घासलेल्या भांड्यात डेंग्यूचा डासही वाढू शकत नाही.

लसीच्या दिवशी मात्र क्लोरीन चालत नाही. राणीखेतची पाण्यातून देण्याची लस जिवंत विषाणूंची असते. क्लोरीनयुक्त पाण्यात ती निकामी होते. पत्र्याचे भांडेही त्या दिवशी टाळावे.

आणखी एक पाहुणा आहे, कावळा. उघड्या थाळीवर तो चिमण्यांबरोबर हमखास येतो. महाराष्ट्रात बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आली. जानेवारी २०२१ मध्ये मराठवाड्यात, परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या दगावल्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीरला मेलेल्या कावळ्यांत हा विषाणू सापडला. आजारी पक्ष्याची विष्ठा आणि लाळ ज्या पाण्यात पडते, ते पाणी हा या रोगाच्या प्रसाराचा एक मार्ग आहे. छपराखाली ठेवलेला ड्रिंकर हा मार्ग पुष्कळसा अडवतो.

शाळेत करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. एक थाळी, एक मातीचे परळ आणि एक घरी केलेला ड्रिंकर घ्या. सकाळी आठ वाजता प्रत्येकात मोजपात्राने दोन लिटर पाणी भरा. तिन्ही भांडी कोंबड्यांपासून दूर, सावलीत शेजारी शेजारी ठेवा. दर दोन तासांनी तापमान नोंदवा आणि संध्याकाळी उरलेले पाणी मोजा. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग उन्हात करा. मात्र ड्रिंकर एका परातीत ठेवा आणि परातीत सांडलेले पाणी वेगळे मोजा. ड्रिंकर पूर्ण भरून एकदा आणि अर्धा भरून एकदा, असे दोनदा करून दोन्ही वेळचे सांडलेले पाणी ताडून पाहा. मे महिन्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा केलात तर मातीच्या परळाचे आकडे विशेष पाहण्यासारखे येतील.